तेल सुटेपर्यंत परतायचं नाही

तेल, तूप, दूध बंद करून धान्य, कंद, कडधान्यं आणि भाज्यांवर जेवण उभं करायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात हमखास एक तक्रार येते: दोन तासांत पुन्हा भूक लागते. बहुतेकांचा डाव इथेच मोडतो. ताटातून तेल, तूप, दही, चहातलं दूध गेलं, म्हणजे रोजचे पाच-सहाशे उष्मांक गेले. भाकरी मात्र पूर्वीच्या डाएटच्या धाकाने एकच. मग भूक लागणार नाही तर काय? या पद्धतीत पोट भरायचं ते भाकरी, भात, बटाटा, रताळं यांनीच. भाजी आणि वरण त्याच्या जोडीला. एका भाकरीच्या जागी दोन घ्यायला मन धजावलं की पुढचं सगळं सोपं जातं, आणि आमच्या अनुभवात तेल सोडण्यापेक्षा लोकांना हेच जास्त जड जातं.

या पद्धतीचा सगळ्यात ओळखीचा पुरस्कर्ता म्हणजे जॉन मॅकडूगल हे अमेरिकी डॉक्टर. 1970 च्या दशकात ते हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांतल्या कामगारांवर उपचार करत. जपान, चीन, कोरिया, फिलिपिन्समधून आलेली म्हातारी माणसं भात आणि भाज्यांवर जगत होती, सडपातळ होती, उतारवयातही कामाला खंबीर होती. त्यांचीच मुलं-नातवंडं अमेरिकी मांस आणि दूधदुभत्यावर गेली तशी वजन, मधुमेह आणि हृदयरोग घेऊन दवाखान्यात येऊ लागली. त्यावरून मॅकडूगलनी पिष्टमय अन्नाला केंद्रस्थानी ठेवलं आणि 2024 मध्ये वारले तोवर तेच सांगत राहिले. त्यांच्याही आधी, 1939 मध्ये, अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठात डॉक्टर वॉल्टर केम्पनर यांनी गंभीर रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना भात आणि फळांवर ठेवायला सुरुवात केली होती. ते मात्र पांढऱ्या तांदळाचं, साखर घातलेलं, डॉक्टरांच्या देखरेखीतलं पथ्य. घरच्या घरी उचलायची गोष्ट ती नव्हे.

मराठी घरात सुरुवात करताना नवं सामान फारसं आणावं लागत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, हातसडीचा तांदूळ, गहू, बटाटे, रताळी, मूग, मसूर, मटकी, चवळी, तूर हे घरात असतंच. किन्वा आणि परदेशी ओट्सच्या पाकिटांवर पैसे घालवायचं काही कारण नाही. बाहेर जातं ते तेल, तूप, दूध आणि दुधाचं सगळं, अंडी, मांस, मासे, मैदा. साबुदाणाही जातो. तो कंदापासून काढलेला निव्वळ स्टार्च. त्यात चोथा नाही, प्रथिनं नाहीत. शेंगदाणे, तीळ, ओलं-सुकं खोबरं हे बाद नाहीत, पण मोजून. वजन उतरवायचं असेल तर पहिले दोन महिने जवळजवळ बंदच.

तेल किती जातंय हे आधी कागदावर मांडून बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोजचं तेल 38 ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास उष्मांक. एका भाकरीला साधारण 60 ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं आणि त्यातून सुमारे 200 उष्मांक मिळतात. म्हणजे तेलाचा तो वाटा भरून काढायला माणशी पावणेदोन भाकरी लागतात. वजन कमी करायचं असेल तर एक वाढवा, नसेल तर दोन. हा हिशेब न करता नुसतं तेल काढलं की आठवडाभरात हातपाय गळतात आणि मग 'तेलाशिवाय ताकद राहत नाही' असा निष्कर्ष निघतो.

बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाकाठी चार भाकऱ्या (किंवा दोन भाकऱ्या आणि सव्वाशे ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात), 75 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 300 ग्रॅम बटाटे किंवा रताळी, अर्धा किलो भाज्या आणि दोन फळं एवढ्यात 1600 च्या पुढेमागे उष्मांक आणि 55 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. प्रथिनांचा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो, म्हणून हा आकडा तयार ठेवावा. शेतावर किंवा उभ्याने काम असेल तर भाकऱ्या सहा होतात. हाडकुळ्या माणसाने, वाढत्या मुलाने दाण्याचा कूट आणि तीळ सोडू नयेत. नुसत्या चोथ्याने त्यांचं पोट भरतं आणि उष्मांक कमी पडतात.

भाकरीबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळा भार तिच्यावर आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. जी काही विरी असते ती गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो त्यातून येते. पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि चव कडवट होते. बाजरीचं पीठ त्याहून लवकर कडू होतं, चार-पाच दिवसांत संपवावं. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी मिळाली तर उत्तमच. पिठाला विरी कमी वाटली तर उकड काढा: पाऊण वाटी पाण्याला उकळी आणून चिमूटभर मीठ घाला, गॅस बंद करून एक वाटी पीठ टाका, उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेने चार-पाच मिनिटं मळा. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवायचं. ते सुकत आलं, पण पूर्ण वाळलं नाही, तेवढ्यात उलटायची. उशीर झाला तर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. इथे तेलाचा थेंबही लागत नाही, कधीच लागत नव्हता.

घडीच्या पोळीचं तसं नाही. तिचे पदर तेलावरच सुटतात. त्यामुळे पोळीऐवजी फुलका. कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, भाजल्या भाजल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. डब्यातून ऑफिसला न्यायची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, कारण थंड होताना स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. त्यावर इलाज नाही. डब्याला भात-उसळ नाहीतर उकडलेली रताळी बरी.

आता फोडणी. तेलाविना फोडणी होत नाही असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. लोखंडी कढई मध्यम आचेवर दोन मिनिटं कोरडी तापवा. मोहरी टाका, झाकण ठेवा. कोरडी मोहरीही तडतडते. पण तेल उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं, इथे दाणा जिथे टेकला तिथेच जळतो. म्हणून निम्मी मोहरी तडतडली की लगेच जिरं, वीस सेकंद हलवायचं आणि वाटीत काढून घ्यायचं. हिंग कोरड्या कढईत कधीही टाकू नका, काळा पडून कडू होतो. चमचाभर पाण्यात कालवून उकळत्या आमटीत घाला. हळद कुकरमध्ये डाळीबरोबरच टाकावी म्हणजे कच्चा वास राहत नाही. कढीपत्ता कोरडा भाजून कुरकुरीत झाला की चुरडून घालावा. पानं ताटाच्या कडेला काढून ठेवायची सवयही आपोआप सुटते.

त्याच कढईत कांदा. पातळ चिरलेला, चिमूटभर मीठ लावलेला, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. त्याला स्वतःचं पाणी सुटतं. मग झाकण काढायचं. पाणी आटतं, कांदा तळाला चिकटायला लागतो आणि तिथे तपकिरी थर धरतो. घाबरून वाटीभर पाणी ओतायचं नाही. एक चमचा पाणी त्या थरावर, उलथन्याने खरवडायचं, तो रंग कांद्याला लागतो. पुन्हा चिकटू द्यायचं, पुन्हा एक चमचा. असं चार वेळा केलं की पंधरा मिनिटांत कांदा चांगला बदामी होतो. इथे घाई करून पाणी एकदम घातलं की कांदा शिजतो, परतला जात नाही, आणि आमटीला आजाऱ्याच्या पथ्याची चव येते. लसूण कांद्याच्या नंतर, नाहीतर आधी जळतो.

सगळ्या पाककृतींत 'तेल सुटेपर्यंत परता' असं लिहिलेलं असतं. ती खूण गेली. तिच्या जागी दोन खुणा: मसाला गोळा होऊन कढईचा तळ सोडतो, आणि आलं-लसणाचा कच्चा वास नाहीसा होतो. टोमॅटो असेल तर दहाएक मिनिटं धरा. एक बदल मात्र पहिल्या दिवसापासून करावा लागतो. तिखट नेहमीच्या दोन तृतीयांशच घाला. मिरचीचा जाळ चरबीत विरघळतो. ताटात तेल नाही, वर दही-ताकही नाही, म्हणून तेवढंच तिखट जिभेला जास्त लागतं. चिंच, आमसूल, लिंबू यांचा हात मात्र सैल सोडावा. वांगं, कांदा, टोमॅटो थेट आचेवर भाजून घेतले तर तेलाची आठवणही येत नाही. तयार कांदा-लसूण मसाल्यात सुकं खोबरं आणि बहुधा तेल असतंच. भाजीला एखादा चमचा पडला तर त्याचा बाऊ करू नये, पण तो हिशेबात धरावा. लोखंडी कढई तेलाशिवाय गंजते, हेही लक्षात असू द्या: धुतल्या धुतल्या आचेवर कोरडी करायची. आमसूल-चिंचेचा पदार्थ तिच्यात शिजवला तर काळा पडतो, त्यासाठी स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या.

पिठलं हा या जेवणाचा कणा. अर्धी वाटी बेसन दीड ते दोन वाट्या गार पाण्यात आधी पूर्ण कालवून घ्या. कोरडं पीठ भुरभुरवून करायचं पिठलं तेलाशिवाय जमत नाही, गाठी होतात. कांदा, हिरवी मिरची, लसूण वर सांगितल्याप्रमाणे परतून त्यावर हे पाणी ओतायचं आणि पाच मिनिटं हात थांबवायचा नाही. मग मंद आचेवर झाकून सहा-सात मिनिटं. बेसन कच्चं राहिलं की पोट दुखतं, त्यामुळे चकाकी आल्याशिवाय उतरवू नका. तळाला खरवड धरते ती तेलाअभावी सुटत नाही. गॅस बंद करून पाण्याचा हबका मारा, पाच मिनिटं झाकून ठेवा, अख्खी निघते. आमच्याकडे तिच्यावरून भांडणं होतात. कुळथाचं पिठलं याच रीतीने होतं आणि पचायला बेसनापेक्षा हलकं वाटतं.

भाताबद्दल लोक उगाच भांडतात. हातसडीचा घेता आला तर चांगलंच. तासभर भिजवून, अडीचपट पाणी घालून, पाच-सहा शिट्ट्या. पांढऱ्या तांदळात 100 ग्रॅममागे तीन ग्रॅमसुद्धा चोथा नसतो, ज्वारीत दहाच्या आसपास असतो. पण घरातली इतर माणसं इंद्रायणी सोडायला तयार नसतील तर त्यावरून सगळंच मोडू नये. त्या भाताबरोबर उसळ आणि पालेभाजी भरपूर घ्यावी. मधुमेह असेल तर मात्र भाताऐवजी भाकरीच, आणि जेवणाची सुरुवात भाजी-उसळीने.

दुधाचा खरा प्रश्न चहात आहे. बाजारातल्या सोया किंवा ओट दुधात बऱ्याचदा साखर आणि तेल असतं, पाकिटाची मागची बाजू वाचा. गवती चहा आणि आलं घालून कोरा चहा आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडतो. जेवणाच्या अलीकडे-पलीकडे तासभर तोही नको, धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागू देत नाही. उलट जेवणात लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं. ताकाच्या जागी आमसुलाचं सार. सोलकढी नारळाच्या दुधाची, तेव्हा ती सणावाराला. कोशिंबिरीत दह्याऐवजी लिंबू आणि चमचाभर कूट. कुटाचा एक भरलेला मोठा चमचा म्हणजे 55 ते 60 उष्मांक. हात सैल सुटला की वाचवलेलं तेल कुटातून परत येतं. वजन उतरता उतरता थांबलं की आम्ही पहिल्यांदा कुटाचा डबा किती दिवसांत संपतोय ते बघतो.

दुसऱ्या आठवड्यात पोट फुगतं. चोथा एकदम दुप्पट झाला की आतड्यांना वेळ लागतो. कडधान्यांचा क्रम पाळा: आधी मूगडाळ आणि मसूर, मग मोड आलेले मूग-मटकी, मग चवळी, सगळ्यात शेवटी राजमा-छोले. आठ-दहा तास भिजवून ते पाणी ओतून द्या. दाणा दोन बोटांत पिठासारखा चिरडला गेला पाहिजे. मोड आलेलं कडधान्य कच्चं खायची जी फॅशन आहे ती पोटाला जड जाते, वाफवून घ्या. पाणीही वाढवा, नाहीतर चोथ्यानेच पोट साफ व्हायचं अडून बसतं.

औषधं चालू असतील तर हे वाचून लगेच सुरू करू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर, आहार बदलल्यावर त्याच मात्रेत एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड ही त्याची लक्षणं. रक्तदाबाच्या गोळ्यांवर असताना उठताना चक्कर येऊ लागते. डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा त्यांनीच बदलायची, आणि पहिले काही आठवडे घरी साखर व दाब मोजून वहीत लिहा. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याने पालेभाज्या अचानक वाढवू नयेत, त्यातलं व्हिटॅमिन के औषधाच्या उलट काम करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर बटाटा, टोमॅटो, डाळींतलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. तिथे ही पद्धत स्वतःच्या जबाबदारीवर करायची नाही.

बी-12 जीवनसत्त्वाच्या गोळीला पर्याय नाही. वनस्पतिजन्य अन्नात हे जीवनसत्त्व भरवशाचं कुठेच मिळत नाही. आंबील, इडलीचं पीठ, स्पिरुलिना नावाचं शेवाळ यांतून ते मिळतं हे सगळे समज आहेत. दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही त्याची कमतरता सर्रास आढळते. हातापायांना मुंग्या, जीभ लाल होणं, सततचा थकवा अशा खुणा दिसेपर्यंत थांबू नये, मज्जातंतूंचं नुकसान सगळं भरून येत नाही. रक्ततपासणी सुरुवातीलाच करा, गोळी सुरू केल्यावर नव्हे. गोळीने आकडा वर जातो आणि आधीची कमतरता झाकली जाते. पातळी ठीक असेल तर 1000 मायक्रोग्रॅमची गोळी आठवड्यातून दोनदा हे नेहमीचं प्रमाण. कमी असेल तर डॉक्टर इंजेक्शनं देतील. 'ड' जीवनसत्त्वही त्याच वेळी बघून घ्या. मिठाकडेही लक्ष असू द्या. दूध आणि मासे गेल्यावर आयोडीन मुख्यतः मिठातूनच येतं, आणि अशा वेळी लोक हौसेने सैंधवावर जातात. आयोडीनयुक्त साधं मीठच ठेवा.

कॅल्शियमसाठी नाचणी. 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन भाकऱ्यांत चारशेच्या वर. जोडीला मेथी, थोडे तीळ. पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे फारसं अंगी लागत नाही, त्याच्यावर विसंबू नका. ओमेगा-3 साठी जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा, पण जवस भाजून कुटलेलं हवं. अख्खं जवस आलं तसं बाहेर पडतं.

उपवासाला खरं तर हे जेवण आयतं जमायला हवं. रताळं, वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा ही सगळी पिष्टमयच. प्रत्यक्षात एकादशीला साबुदाण्याची खिचडी होते, तूप आणि वाटीभर कूट घालून. दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. भगर आणि आमसुलाचं सार, सोबत उकडलेलं रताळं, एवढ्यात दिवस व्यवस्थित जातो.

बाहेर खाताना इडली घ्या, सांबाराला थोडी फोडणी असते ती चालवून घ्या. मिसळ, वडापाव, पावभाजी यांत तडजोडीला जागाच नाही. ढाब्यावर ज्वारीची रोटी बटर न लावता आणि डाळ तडका न देता मागता येते, पण ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. वरून घातलेला तडका काढता येत नाही. एसटी स्टँडवर भाजलेलं कणीस, उकडलेल्या शेंगा, केळी, फुटाणे, कुरमुरे मिळतात. लांबच्या प्रवासाला चार-पाच उकडलेले बटाटे सालासकट, मीठ-मिरपूड पुडीत. उन्हाळ्यात ते फार वेळ ठेवू नयेत. लग्नाच्या पंगतीत वरण-भात, लिंबू, काकडी आणि साधी पोळी मिळाली की जेवण होतं. भातावर तुपाची धार धरण्याआधीच वाढप्याला हात आडवा करायचा, कारण तूप आधी आणि विचारणं नंतर हीच पंगतीची रीत आहे.